क्रोधाचा वणवा आणि चिमूरचा उपवास

मानवी इतिहासातील पहिला खून बायबलच्या पहिल्याच पुस्तकात येतो आणि तो रागातून घडतो. काइनाचे अर्पण परमेश्वराने स्वीकारले नाही. त्याचा चेहरा उतरला, राग मनात दबा धरून बसला आणि शेतात गेल्यावर त्याने धाकट्या भावाचा जीव घेतला. कृत्य घडण्याआधीच परमेश्वराने काइनाला सावध केले होते, ही त्या कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट होय. पाप दाराशी टपून बसले आहे, त्याच्यावर सत्ता चालवणे तुझ्या हाती आहे, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. क्रोध आवरता येतो, ही पवित्र शास्त्राची शिकवण तेव्हापासूनची आहे. आणि माणूस तो आवरत नाही, हा अनुभवही तेव्हापासूनचाच आहे.

आपल्या मराठी संतपरंपरेने क्रोधाला षड्रिपूंमध्ये स्थान दिले. ख्रिस्तसभेने त्याची गणना सात मूळ पापांत केली. दोन्ही परंपरांना एक गोष्ट समान दिसली आहे: क्रोध बाहेरच्या माणसाला इजा करतो त्याआधी तो साधकाची वाट अडवतो. रागावलेल्या माणसाला प्रार्थना करता येत नाही. त्याचे ओठ शब्द म्हणतात, पण मन भांडणाची उजळणी करीत असते. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात म्हणूनच सांगितले की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. प्रभूने समेटाला अर्पणाच्याही आधीचे स्थान दिले आहे.

या लेखात क्रोधाच्या शिकवणीचा इतिहास थोडक्यात पाहून आम्हांला आपल्याच मातीतील एका घटनेकडे यावयाचे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना चिमूरचे नाव ठाऊक आहे. परंतु चिमूरच्या इतिहासात क्रोधाची तीन रूपे आणि त्यावरील एक उतारा दडलेला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

वाळवंटातील बोरू

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो तपस्वी एकांतवासासाठी गेले. त्यांपैकी एव्हाग्रियस या विचारवंताने साधकाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली आणि त्यांत क्रोधाला स्थान दिले. त्याच्या मते क्रोधासारखा प्रार्थनेचा दुसरा शत्रू नाही. त्यावर त्याने सांगितलेले उपाय साधे होते: स्तोत्रगायन, सहनशीलता आणि दानधर्म. यांतील तिसरा उपाय विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. राग माणसाची मूठ आवळतो, दान ती उघडते.

त्याच परंपरेत वाढलेल्या योहान कॅसियनने पाचव्या शतकाच्या प्रारंभी मठवासीयांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. काही जणांना वाटते की, आपल्याला राग येतो तो इतर माणसांमुळे. एकांतात गेलो की तो आपोआप नाहीसा होईल. कॅसियन सांगतो की, तसे होत नाही. एकांतात असताना त्याला स्वतःला बोरूचा राग आला, कारण तो हवा तितका बारीक नव्हता. चाकूचा राग आला, कारण त्याला धार नव्हती. आणि गारगोटीचा राग आला, कारण ठिणगी पडायला उशीर झाला. भांडायला माणूस नव्हता, म्हणून तो वस्तूंशी भांडला. रागाचे मूळ समोरच्या माणसात नसून आपल्या अंतःकरणात आहे, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. सून घरात आली म्हणून घरातील शांती गेली, शेजारी बदलला तर आम्ही सुखी होऊ, अशी गाऱ्हाणी करणाऱ्यांनी कॅसियनचा बोरू आठवावा.

परमगुरू थोर ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेला सात मूळ पापांचे रूप दिले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात एक मोलाची भर घातली. सगळा राग पाप नसतो, असे त्यांनी स्पष्ट केले. अन्याय पाहून विवेकाच्या अधीन राहून येणारा राग सद्गुणाला साहाय्य करतो. अन्याय पाहूनही मुळीच राग न येणे हासुद्धा दोष ठरू शकतो. मात्र विवेकाची मर्यादा ओलांडली की तोच राग पाप होतो. अशा रागाचे, अॅरिस्टॉटलला अनुसरून, त्यांनी तीन प्रकार सांगितले: क्षणात भडकणारा, मनात दीर्घकाळ धुमसणारा आणि सूड उगवल्याखेरीज न शमणारा.

प्रभू येशूच्या चरित्रात रागाचे दर्शन घडते. संत मार्कच्या शुभवर्तमानात, शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करावे की नाही या प्रश्नावर सभास्थानातील मंडळी गप्प राहतात, तेव्हा प्रभू त्यांच्याकडे रागाने पाहतो. पण शुभवर्तमानकार लगेच सांगतो की, त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे तो दुःखीही झाला होता. आणि त्या रागाचा शेवट कशात झाला? एका माणसाचा हात बरा होण्यात. राग योग्य आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी आपल्याला येथे मिळते. त्यात दुःख मिसळलेले आहे काय, आणि त्यातून कोणाचे तरी भले होते काय?

ताटीमागचे ज्ञानेश्वर

मराठी माणसाला हा विषय परका नाही. परंपरा अशी सांगते की, लोकांनी केलेल्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली आणि ते आत बसून राहिले. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने दाराशी उभे राहून त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. योगी म्हणवणाऱ्याने जगाचे अपराध सोसावेत, हे लहान बहिणीने मोठ्या भावाला, तोही ज्ञानी गुरुस्थानी असलेल्या भावाला, सांगितले. ज्ञान अपार असले तरी रुसवा येऊ शकतो, आणि तो काढण्यासाठी घरातील सर्वांत लहान माणसाचेही ऐकावे लागते. कित्येक घरांत आजही एखादी मुक्ताबाई ताटीबाहेर उभी असते. प्रश्न आतल्यांनी दार उघडण्याचा असतो.

सॅव्हॉयचा सौम्य महागुरू

क्रोधावर मात करणाऱ्या संतांमध्ये सेल्सच्या संत फ्रान्सिस यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्यांचे आपल्या प्रदेशाशी नाते आहे. १५६७ साली सॅव्हॉयमधील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पॅरिस आणि पादुआ येथे शिक्षण झाले. १५९३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी ते शाब्ले या भागात गेले. कॅथलिक धर्मगुरूला तेथे कोणी उभे करीत नसे. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी हाताने पत्रके लिहून ती घरांच्या दाराखालून आत सरकवली. याच कारणाने १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित केले. १६०२ पासून १६२२ साली देहावसान होईपर्यंत ते जिनिव्हाचे महागुरू होते.

सारे जग त्यांना सौम्यतेचे संत म्हणून ओळखते. परंतु त्यांचा मूळ स्वभाव तापट होता, हे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. ही सौम्यता त्यांना जन्मजात लाभलेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या झगड्यातून त्यांनी ती मिळवली होती. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या ग्रंथात त्यांनी क्रोधावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. हा ग्रंथ त्यांनी मठवासीयांसाठी नव्हे, तर प्रपंचात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी लिहिला. म्हणून त्यातील उपदेश आपल्या कुटुंबांना थेट लागू पडतो.

त्यांच्या उपदेशाचे सार असे. राग थोडासा आत येऊ द्यावा आणि मग त्याला आवर घालावा, हा हिशेब फसवा आहे. सापाने डोके आत घातले की संपूर्ण शरीर आत येते. राग एक रात्र मनात राहिला की त्याचे द्वेषात रूपांतर होते आणि मग त्याला हुसकावणे फार अवघड होते, कारण रागावलेल्या माणसाला आपला राग अन्यायाचा आहे असे कधीच वाटत नाही. राग आल्याचे जाणवताच वादळात सापडलेल्या प्रेषितांप्रमाणे प्रभूचा धावा करावा. रागाने काही बोलून गेलो, तर त्याच माणसाशी तत्काळ सौम्य वर्तन करून ती जखम भरावी. ताजी जखम लवकर भरते. आणि मन शांत असते तेव्हा लहानसहान प्रसंगांत सौम्यतेचा साठा करून ठेवावा.

हा शेवटचा उपदेश आपल्या वनजिल्ह्यांतील माणसाला चटकन समजेल. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. वारा फिरला की तीच आग डोंगर खाऊन टाकते. वणवा लागल्यावर धावाधाव करून फारसे साधत नाही, म्हणून आधीच जाळरेषा काढून ठेवतात. त्या पट्ट्यात जळायला काही उरत नाही आणि आग तेथे थांबते. संत फ्रान्सिस मनासाठी हेच सांगतात: राग आल्यावर जाळरेषा काढता येत नाही.

त्याच ग्रंथात ते आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. स्वतःच्या दोषांवरही रागावू नये. रागावल्याबद्दल स्वतःवर चिडणे, मग त्या चिडण्यावर पुन्हा चिडणे, या फेऱ्यात माणूस शांतीपासून दूर जातो. स्वतःच्या हृदयालाही सौम्यपणे समजावून मार्गावर आणावे.

याच संताच्या नावाने १८३८ साली फादर पीटर मेर्मिए यांनी सॅव्हॉयमध्ये एक मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४५-४६ च्या सुमारास भारतात आले आणि नागपूरच्या ख्रिस्तसभेची पायाभरणी त्यांनी केली. नागपूरचे कॅथेड्रल याच संताच्या नावाचे आहे. आपला चांदा भाग दीर्घकाळ नागपूरच्याच कक्षेत होता. १९६२ साली चांदा मिशन स्वतंत्र झाले आणि ते केरळमधील सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. त्या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८६८ साली कैनकरीच्या भाविक कुटुंबांना ‘एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र’ या नावाने ओळखला जाणारा उपदेश लिहून पाठवला. सूड तर जनावरेही घेतात. क्षमा करायला मात्र सामर्थ्य, शहाणपण आणि थोरवी लागते, असा त्यातील एका बोधाचा आशय आहे. क्रोधावर विजय मिळवण्याचा वारसा आपल्या धर्मप्रांताला असा दोन बाजूंनी लाभला आहे, सॅव्हॉयच्या डोंगरांतून आणि केरळच्या खाडीकाठाहून.

चिमूर, १६ ऑगस्ट १९४२

आता मूळ घटनेकडे वळू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत महात्मा गांधी आणि काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि देशभर संतापाची लाट उसळली. त्या पावसाळ्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने चिमूर परिसरात घुमत होती. तरुण मने पेटलेली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये मिरवणूक निघाली. पोलिसांनी बळाचा वापर केला. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा ठार झाला. त्यानंतर जमावाचा संयम सुटला. सरकारी विश्रामगृह पेटले. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसे त्या दिवशी मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही असाच रक्तपात झाला.

तीन दिवसांत नागपूरहून फौज आली. गावातील पुरुषांपैकी बरेच जण पकडले गेले, काही रानात पळाले. उरल्या त्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. घरे लुटली गेली. स्त्रियांवर अत्याचार झाले. डॉ. बा. शि. मुंजे आणि काही महिला कार्यकर्त्या चिमूरला जाऊन आल्या, स्त्रियांची गाऱ्हाणी त्यांनी ऐकली. सरकारने आरोप नाकारले, चौकशीस नकार दिला आणि बातम्यांवर बंधने घातली.

संत थॉमस यांनी सांगितलेल्या क्रोधाच्या तिन्ही प्रकारांचे दर्शन या चार दिवसांत घडते. वर्षानुवर्षे धुमसणारा राग होता, तो पारतंत्र्याचा. क्षणात भडकलेला राग होता, तो मुलाचे प्रेत पाहिलेल्या जमावाचा. आणि सूडाखेरीज न शमणारा राग होता, तो साम्राज्याचा. ज्यांनी काहीही केले नव्हते अशा स्त्रियांवर तो कोसळला. या तिन्हींना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. गुलामगिरीची चीड न्याय्य होती. निरपराध स्त्रियांची विटंबना करणाऱ्या सैनिकांच्या कृत्याला कोणतेही समर्थन नाही.

तरीसुद्धा ख्रिस्ती विवेक आपल्याला एक अवघड प्रश्न विचारायला लावतो. डुंगाजी आणि सोनवणे कोण होते? ते इंग्रज नव्हते. ते आपल्याच देशातील माणसे होते. त्यांच्याही घरी त्यांची वाट पाहिली जात असेल. त्यांच्या हातून चुकीचे हुकूम सुटले असतील, पण त्यांना जिवे मारण्याने बालाजी परत येणार नव्हता. हुतात्म्यांसमोर नतमस्तक होताना मारल्या गेलेल्या त्या चौघांसाठी एक प्रार्थना म्हणणे हा देशद्रोह नव्हे. दरवर्षी १६ ऑगस्टला चिमूर आपल्या हुतात्म्यांचे स्मरण करते. त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये मिस्सा होत असेल, तर दोन्ही बाजूंच्या मृतांची नावे वेदीपाशी यावीत, असे आम्हांला वाटते. प्रभूने क्रुसावरून केलेल्या प्रार्थनेत खिळे ठोकणारेही होते.

प्राध्यापक भन्साळींचा उपवास

चिमूरच्या स्त्रियांची कहाणी सेवाग्राम आश्रमात पोहोचली. तेथे जयकृष्ण प्रभुदास भन्साळी नावाचे एक विलक्षण साधक राहत होते. ते गुजरात विद्यापीठात प्राध्यापक होते. पुढे सर्व सोडून तपश्चर्येला लागले. त्यांनी मौनव्रत घेतले. एकदा अनवधानाने तोंडातून शब्द गेला, तेव्हा त्यांनी आपले ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले. कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवर ते राहत. गांधीजींच्या प्रेमळ आग्रहामुळे हा उग्र तपस्वी हळूहळू सेवेकडे वळला आणि आश्रमात सूत कातू लागला, मुलांना शिकवू लागला.

भन्साळींच्या या प्रवासाकडे संत फ्रान्सिस यांच्या दृष्टीने पाहिले तर बोध होतो. ओठ शिवणे हेही एका अर्थाने स्वतःवरचे बळ होते, स्वतःच्या दोषाला दिलेली कठोर शिक्षा होती. त्याने मौन राखले गेले, पण त्यातून दुसऱ्या कोणाचे भले झाले नाही. चिमूरची वार्ता ऐकल्यावर मात्र याच माणसाने आपली सारी तपःशक्ती दुसऱ्यांच्या अब्रूसाठी वेचली. ज्याने ओठ शिवून घेतले होते, तोच आता आवाज नसलेल्यांचा आवाज झाला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये ते दिल्लीला गेले. लोकनायक बापूजी अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अणे आपल्या यवतमाळचे, विदर्भातील आदरणीय नेते. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी करवावी, एवढीच भन्साळींची मागणी होती. ती मान्य होण्यासारखी नाही असे दिसताच त्यांनी अण्यांच्या घरीच उपवास आरंभला. पोलिसांनी त्यांना पकडून सेवाग्रामला आणून सोडले. ते चिमूरकडे चालू लागले. त्यांना पुन्हा पकडले, पुन्हा परत आणले. ११ नोव्हेंबरपासून मोजला जाणारा हा उपवास दिवसामागून दिवस लांबत गेला. सरकारने त्याच्या बातम्यांवरही बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंक बंद ठेवला. कन्हैयालाल मुनशी वर्ध्याला येऊन गेले. अखेर डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली आणि १२ जानेवारी १९४३ रोजी, त्रेसष्टाव्या दिवशी, उपवास सुटला.

सार्वजनिक चौकशीची मागणी मान्य झाली नाही. परंतु बातम्यांवरील बंदी उठली, चिमूरला जाण्याची वाट मोकळी झाली आणि तेथील स्त्रियांच्या शीलावर शिंतोडे उडवण्याचा आपला हेतू नसल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. बंदुकीने हे साधले नसते. जमावाच्या हिंसेने तर फौजेला गावात आणले होते.

येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. जीव हे देवाचे दान आहे. आपणहून तो संपवण्याचा अधिकार ख्रिस्तसभा कोणालाही देत नाही. मग प्राणांतिक उपवासाकडे कसे पाहावे? नीतिशास्त्राच्या अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. आमच्या मते भन्साळींच्या उपवासाचा हेतू मरण हा नव्हता. सत्य दडपले जाऊ नये, हा होता. आणि सत्याला वाट मिळताच त्यांनी तो सोडला. प्रत्येकाने त्यांच्या पद्धतीचे अनुकरण करावे असे नव्हे. त्यांच्या अंतःकरणाची दिशा मात्र अनुकरणीय आहे.

संत योहानच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकापुढे प्रभू उभा असताना एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. प्रभू उलट हात उगारत नाही, आणि मान खाली घालून गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे तो विचारतो. मारणाऱ्याला मारणे आणि मार मुकाट सोसणे यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे. ती सत्य विचारण्याची वाट आहे. भन्साळी याच वाटेने चालले. सौम्यता म्हणजे दुबळेपणा असे समजणाऱ्यांना या प्रसंगात उत्तर आहे.

आणखी एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अथक खटपट केली. अखेरीस १९४५ साली फाशीची प्रतीक्षा करणाऱ्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या आणि पुढे स्वातंत्र्याबरोबर त्यांची सुटका झाली. सूडाची साखळी कोणीतरी कोठेतरी तोडावी लागते. येथे ती एका स्त्रीच्या चिकाटीने तुटली.

आजचा वणवा

चिमूर हा इतिहास झाला, पण आपल्या वनजिल्ह्यांतील राग इतिहासजमा झालेला नाही. १९८० च्या दशकापासून गडचिरोलीच्या रानात हिंसेने घर केले. पोलीस मारले गेले, शस्त्र घेतलेले तरुण मारले गेले, आणि खबऱ्या असल्याच्या संशयावरून निरपराध आदिवासीही मारले गेले. जमीन, जंगल आणि अपमान यांची चीड खरी होती. तिला हिंसेची वाट मिळाली आणि शेवटी माडिया-गोंड कुटुंबांच्याच अंगणात प्रेते आली. संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे की, माणसाच्या रागातून देवाचा न्याय साकार होत नाही. या दोन जिल्ह्यांनी ते वचन स्वतःच्या रक्ताने पडताळून पाहिले आहे.

परंतु याच मातीत रागाचे दुसरे रूपही दिसले. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया दारूबंदीच्या मागणीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. नवऱ्याची दारू, घरातील मार, मुलांची उपासमार यांचा संताप त्यांच्या पायांत उतरला होता. त्यांनी कोणाचे दुकान जाळले नाही. २०१५ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली; २०२१ साली ती उठवली गेली. कायद्याच्या यशापयशावर मतभेद असू शकतात. पण ज्या गावातील स्त्रियांचा आक्रोश १९४२ साली दडपला गेला, त्याच गावातून सात दशकांनी स्त्रिया उघडपणे आपले गाऱ्हाणे सांगत निघाल्या, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

आपल्या घरांचे काय? आपल्या बहुतेकांच्या वाट्याला चिमूरसारखा प्रसंग येणार नाही. आपला राग जेवणाच्या पाटावर, शेताच्या बांधावर, वडिलोपार्जित घराच्या वाटणीत आणि मुलांच्या अभ्यासावरून प्रकट होतो. कित्येक भाऊ एकाच चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि दाराबाहेर एकमेकांची ओळख दाखवत नाहीत. या धुमसणाऱ्या रागाला आपण पाप म्हणतही नाही. त्याला स्वाभिमान असे नाव देतो. पापनिवेदनात क्षणभर भडकलेल्या रागाची कबुली सहज दिली जाते. दहा वर्षांच्या अबोल्याची कबुली मात्र राहून जाते.

म्हणून या इतिहासातून आपण काही साध्या गोष्टी घरी न्याव्यात. राग आला की आधी स्वतःला विचारावे: यात मला दुःख वाटते आहे की केवळ हार सहन होत नाही? राग न्याय्य असेल तर तो कामाला लावावा. अर्ज लिहावा, ग्रामसभेत उभे राहावे, पीडिताच्या घरी जावे, सत्य विचारावे. राग आपल्या अहंकाराचा असेल तर त्याला रात्रीचा मुक्काम देऊ नये. संत पौलाने सूर्य मावळण्याची मर्यादा घातली आहे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना त्या मर्यादेवरच येते, हा योगायोग समजू नये. ज्याच्याशी अबोला आहे त्याचे नाव त्या प्रार्थनेत मोठ्याने घ्यावे. पहिल्या दिवशी ते नाव घशात अडकेल. आठवडाभराने ते सोपे होईल आणि कदाचित महिन्याने पाय त्याच्या दारापर्यंत जातील.

त्रेसष्ट दिवसांचा उपवास फार थोड्यांना पेलेल. एका कटू शब्दाचा उपवास मात्र कोणत्याही घरात, आज संध्याकाळपासूनच, सुरू करता येईल. प्रभू त्या उपवासाला बळ देवो.